‘एखादा प्रसंग सांगा’: मुलाखतीसाठी स्वतःच्या गोष्टी कशा तयार कराव्यात

टेक्निकल राउंड बरा गेलेला असतो. मग समोरची व्यक्ती लॅपटॉप जरा बाजूला सरकवते आणि विचारते, ‘टीममध्ये कुणाशी तुमचं पटलं नाही, असा एखादा प्रसंग सांगा.’ इथे भलीभली पोरं अडखळतात. काही जण छताकडे बघत राहतात, काही ‘माझं सगळ्यांशीच पटतं’ म्हणून मोकळे होतात. दोन्ही उत्तरांनी मुलाखत घेणाऱ्याच्या मार्क देण्याच्या फॉर्मवरचा त्या प्रश्नाचा रकाना कोराच राहतो.

प्रसंग घडलेलाच नसतो असं नाही. आयत्या वेळी तो आठवत नाही, आठवला तर कुठून सुरू करावा कळत नाही, आणि सुरू केला की संपत नाही. ही तिन्ही दुखणी घरी बसून बरी होण्यासारखी आहेत. दोन आठवडे हाताशी असतील तर उत्तम, चार संध्याकाळी मोकळ्या असतील तरी बरंच काम होतं.

पुढचं सगळं पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहे, आणि मधली काही वर्षं घरी राहून पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्यांसाठीही. यूपीएससीची २७५ गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी किंवा सैन्यातल्या अधिकारी निवडीची एसएसबी मुलाखत यांचं गणित वेगळं. ते इथे धरलेलं नाही.

हे प्रश्न विचारतात कशाला

‘तुम्ही मेहनती आहात का?’ या प्रश्नाला कोण नाही म्हणणार? म्हणून तो विचारण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी ‘काम वेळेत होणार नाही असं दिसत होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं की माणूस कसा वागतो ते दिसू लागतं.

जॉन फ्लॅनगन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हवाई दलासाठी काम करत होते. वैमानिक चांगला की वाईट याबद्दल मतं गोळा करण्यापेक्षा अमुक वेळी त्याने नेमकं काय केलं, असे प्रसंग गोळा करावेत, हा तिथे आकाराला आलेला विचार त्यांनी १९५४ मध्ये सविस्तर मांडला. १९७० च्या दशकात तो नोकरभरतीत रुळला, आणि डीडीआय या अमेरिकी कंपनीने ‘स्टार’ नावाचा साचा लोकप्रिय केला: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. उमेदवार पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधण्याच्या पद्धतींमध्ये, सगळ्यांना तेच प्रश्न आणि तेच निकष लावणारी आखीव मुलाखत त्यात सगळ्यात वर आली. कंपन्या या प्रश्नांवर इतका वेळ का घालवतात, हे त्यावरून कळेल.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच की समोरच्या माणसापुढे बऱ्याचदा एक फॉर्म असतो. त्यात गुणांची नावं, शेजारी मार्क देण्याची जागा आणि ‘उमेदवार काय म्हणाला’ ते टिपायला दोन ओळी. ‘मी खूप डेडिकेटेड आहे’ हे वाक्य त्या दोन ओळींत लिहिण्याजोगं नसतं. ‘दूध केंद्राच्या सचिवांसमोर फॅटचं रीडिंग दोन वेळा काढून दाखवलं’ हे असतं. त्या ओळींत काय लिहिलं जाईल याचा विचार करून गोष्ट तयार करायची.

आधी जाहिरात वाचा

नोकरीची जाहिरात किंवा जेडी (जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं वर्णन) प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. ‘वेगवेगळ्या विभागांशी समन्वय’ असं लिहिलं असेल तर मतभेदाचा प्रश्न येणार. ‘वेगवान वातावरण’ म्हणजे एकाच वेळी चार कामं अंगावर आली तेव्हाचा प्रसंग. ‘स्वतंत्रपणे काम’ म्हणजे कुणी न सांगता काय सुरू केलंत ते. ‘ग्राहकाभिमुख’ असेल तर चिडलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट हवीच.

काही कंपन्या तर पेपर आधीच फोडून ठेवतात. ॲमेझॉनची १६ नेतृत्वतत्त्वं त्यांच्या वेबसाइटवर उघडी आहेत, मुलाखतीतले प्रश्न त्यांवर बेतलेले असतात आणि उत्तर स्टारच्या साच्यात द्या असंही ते स्वतःच सांगतात. तरी तो कागद न वाचता जाणारे लोक असतातच. ज्या कंपनीत चालला आहात तिथे असं काही प्रसिद्ध केलेलं आहे का, एवढं अर्ध्या तासात बघून होतं.

प्रश्न शंभर दिसले तरी मुळात सात-आठच असतात: मतभेद, अपयश, कमी वेळ, अपुरी माहिती असताना घेतलेला निर्णय, स्वतःहून घेतलेला पुढाकार, पटकन शिकलेली नवी गोष्ट, नाराज ग्राहक किंवा वरिष्ठ, आणि एखादी न पटणारी गोष्ट करायला सांगितली गेली ती वेळ. बाकी सगळी त्यांचीच फिरवलेली रूपं.

वही घेऊन आठवायला बसा

ही पायरी लोक गाळतात आणि थेट नेटवरची तयार उत्तरं पाठ करायला लागतात. तसं करू नका. एक जुनी वही घ्या आणि मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहायला बसलात की मन आपोआप ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’ असले शब्द शोधू लागतं आणि माणसं, तारखा, भांडणं विसरतं.

स्मृतीला थोडा धक्का लागतो. फोनमधली गॅलरी मागे सरकवत न्या. प्रोजेक्टचा किंवा ऑफिसचा जुना व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि सर्चमध्ये ‘अर्जंट’, ‘सॉरी’, ‘कोण करणार’, ‘उद्या सकाळी’ हे शब्द, ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत टाइप होत असतील तर तसे, टाकून बघा. जिथे ते सापडतील तिथे प्रसंग असतोच. हा उपाय मी ज्यांना सांगितला त्यांना सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडला.

फक्त ऑफिसातलंच चालतं असा समज आहे, तो फ्रेशरच्या बाबतीत चुकीचा. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात पाण्याचा टँकर आला नाही तेव्हा काय केलंत. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत प्रकाशयोजना सांभाळणारा आयत्या वेळी आजारी पडला तेव्हा काय झालं. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जुळत नव्हता तेव्हा कुणी जुळवला. मेसच्या कमिटीत असताना कॅन्टीनवाल्याशी काय बोलणी झाली. वडिलांच्या दुकानातली उधारी वसूल करताना कुणाला किती सवलत द्यायची हे कसं ठरवलं. हे सगळं चालतं. पगार मिळत नव्हता म्हणून ते काम नव्हतं असं नाही.

मधे काही वर्षं घरी असलेल्यांना वाटतं की सांगण्यासारखं काहीच नाही. सोसायटीच्या कमिटीत लिफ्टच्या दुरुस्तीची तीन कोटेशन मागवून सभेत एकमत घडवून आणलं असेल, बचत गटाचा कर्जव्यवहार सांभाळला असेल, आई-वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मेडिक्लेमच्या कागदांचा पाठपुरावा केला असेल. ते जसंच्या तसं सांगा, ‘होम मॅनेजर’ वगैरे पदव्या स्वतःला चिकटवू नका. त्या कानाला खोट्या लागतात.

वहीत पंधरा-वीस प्रसंगांची प्रत्येकी एकच ओळ लिहा. चांगला-वाईट ठरवू नका.

प्रसंगातला फाटा शोधा

आता त्या यादीतून पाच-सहा निवडायचे. कसोटी एकच. हायवेवर जसा फाटा लागतो आणि तिथे गाडी कुठे वळवायची ते ठरवावंच लागतं, तशी जागा त्या प्रसंगात आहे का? म्हणजे अशी वेळ, जेव्हा तुमच्यापुढे निदान दोन मार्ग होते, दोन्हींत काही फायदा आणि काही धोका होता, आणि तुम्ही त्यातला एक घेतला.

फाटा असेल तर प्रसंग छोटा असला तरी चालतो. नसेल तर राष्ट्रीय स्पर्धेतलं बक्षीससुद्धा फारसं उपयोगाचं नाही. कॉलेजच्या टीमने रेसिंगची गाडी बनवली आणि तिसरा नंबर आला, ही बातमी झाली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ब्रेकचं डिझाइन बदलायचं की आहे तेच पक्कं करायचं, यावर टीम दुभंगली आणि तुम्ही अमुक कारणाने बदलू नये म्हणालात, ही गोष्ट झाली.

बहुतेक कमजोर उत्तरांमध्ये मेहनत भरपूर असते, निर्णय नसतो. ‘रात्री दोनपर्यंत थांबलो, सुट्टीच्या दिवशी आलो, आणि काम पूर्ण केलं.’ बरं, पण दिवसा का नाही झालं? कुणाला मदत मागितली होती का? यातलं कुठलं काम सोडून देता आलं असतं? याची उत्तरं नसली की जागरणाचं कौतुक कुणी करत नाही. उलट ‘याला नियोजन जमत नाही’ अशी नोंद होण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट उलगडून बघू

समजा, बीएस्सी झालेला एक मुलगा एमआयडीसीतल्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटी असिस्टंटच्या जागेसाठी चालला आहे. कॉलेजच्या काळात तो सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावर काम करायचा. त्याने वहीत लिहिलेली ओळ अशी:

‘डेअरीत फॅटच्या तक्रारी खूप यायच्या. आम्ही त्यावर काम केलं आणि तक्रारी कमी झाल्या.’

यात सगळं आहे आणि काहीच नाही. मग त्याला शेजारी बसवून विचारायचं. तक्रार कोण करायचं? लांबच्या वस्तीवरून येणारे शेतकरी. काय म्हणायचे? काल ४.१ लागलं, आज ३.४ कसं, गाय तीच आणि चारा तोच. त्याने काय बिघडतं? दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन घटकांवर) ठरतो, दहा दिवसांच्या पगारात फरक पडतो. मग तू काय करू शकत होतास? सचिव म्हणत होते की मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन केलाय, तो येईपर्यंत थांब. जुना सहकारी म्हणत होता की जो जास्त ओरडतो त्याला दोन-तीन पॉइंट वाढवून दे, विषय मिटतो.

हा बघा फाटा. थांबायचं, रीडिंग वाढवून द्यायचं, की स्वतः शोधायचं?

त्याने शोधलं. दूध बराच वेळ कॅनमध्ये उभं राहिलं की साय वर येते. लांबच्या वस्तीवरचं दूध तासभर आधी काढलेलं असायचं आणि गर्दीत ते न ढवळताच सॅम्पल घेतलं जायचं. कधी वरचं, कधी अर्धं ओतून झाल्यावर तळाचं. म्हणून आकडा रोज उड्या मारायचा. मशीनचा दोष नव्हताच.

आता हीच गोष्ट मुलाखतीत अशी येईल:

‘कॉलेजला असताना मी गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी टेस्टिंगचं काम करायचो. रोज साधारण ऐंशी शेतकरी दूध घालायचे आणि फॅटप्रमाणे त्यांना पैसे मिळायचे. एका महिन्यात फॅटचा आकडा रोज बदलतो अशा तक्रारी वाढल्या, दिवसाला पाच-सहा. टेस्टिंग माझ्याकडे असल्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागायचं. मशीनचा माणूस आठवड्याने येणार होता. तोपर्यंत तक्रार करणाऱ्यांना आकडा थोडा वाढवून द्यावा असं एक मत होतं. ते मी मानलं नाही, कारण मग गप्प बसणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान झालं असतं आणि आमच्या नोंदींवर कुणाचा विश्वास राहिला नसता. मी तीन दिवस तक्रार करणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या येण्याच्या वेळा लिहून काढल्या. बहुतेक जण लांबून येणारे निघाले. मग एकाच कॅनमधलं दूध आधी न ढवळता तपासलं आणि नंतर ढवळून तपासलं. ३.४ आणि ३.९ असा फरक आला. सचिवांना आणि दोन शेतकऱ्यांना समोर उभं करून हीच चाचणी पुन्हा करून दाखवली. प्रत्येक कॅन ढवळल्याशिवाय सॅम्पल घ्यायचं नाही असं ठरलं. पहिल्या दोन दिवशी रांग लांबली आणि टँकरला उशीर होईल म्हणून सचिव नाराज झाले, तेव्हा मी ढवळण्याचं काम रांगेतच, काट्यावर यायच्या आधी, सुरू केलं. तक्रारी आठवड्याला एक-दोनवर आल्या. मशीनचा माणूस आला तेव्हा त्याने तपासून मशीन ठीक असल्याचं सांगितलं.’

हे बोलायला दीड-दोन मिनिटं लागतात. परिस्थिती आणि जबाबदारी मिळून पहिल्या एक तृतीयांश भागातच संपली आहे. स्टारचा साचा वापरताना लोक चारही भागांना सारखा वेळ देतात, किंवा परिस्थितीतच रमतात. कंपनीचा इतिहास, विभागाची रचना, सरांचं नाव. ऐकणाऱ्याला गोष्ट कळण्यापुरतंच सांगा आणि चटकन त्या फाट्यापाशी या.

रांग लांबल्याचा भाग मुद्दाम ठेवला आहे. उपाय केला आणि सगळं सुरळीत झालं, असं खऱ्या कामात क्वचितच होतं. अडचण आली आणि तीही निस्तरली, हे ऐकलं की समोरच्याला खात्री पटते.

परिणामात आकडा हवा, पण फुगवलेला नको. नक्की माहीत नसेल तर ‘साधारण’ म्हणा. टक्केवारीचा मोह तर अजिबात नको. पाचाचे दोन झाले तर पाचाचे दोन म्हणा. ‘साठ टक्के घट’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘मोजलंत कसं?’ हाच येतो.

आणि ‘आम्ही’. आपल्याकडे स्वतःबद्दल ‘मी केलं’ म्हणायला संकोच वाटतो, घरी तसंच शिकवलेलं असतं. मुलाखतीत मात्र ‘आम्ही’ म्हटलं की तुमचा वाटा कळतच नाही. टीमने ठरवलं तिथे ‘टीमने’, तुम्ही केलं तिथे ‘मी’, सहकाऱ्याने केलं तिथे त्याचं श्रेय त्याला. एवढं स्वच्छ ठेवलं की बढाईही वाटत नाही.

पोटप्रश्नांची तालीम

खरी परीक्षा पहिल्या उत्तरानंतर सुरू होते. ‘सचिव नाही म्हणाले असते तर?’ ‘जुन्या सहकाऱ्याला राग आला का?’ ‘तीनच दिवस का?’ ‘आज पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल?’ अनुभवी मुलाखतकार एका गोष्टीत चार-पाच पातळ्या खाली उतरतो.

म्हणूनच उसनी गोष्ट घेऊन जाऊ नका. नीतिमत्तेचा मुद्दा आहेच, पण निव्वळ व्यवहार म्हणून बघितलं तरी ती तिसऱ्या प्रश्नाला कोसळते. एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांचंही तेच. ती गुळगुळीत असतात, पण त्यात सचिव नसतो, रांग नसते, आणि एकाच दिवशी चार उमेदवार तसलंच काहीतरी बोलून गेलेले असतात. एआयचा उपयोग उलटा करा: तुमची खरी गोष्ट त्याला सांगा आणि पोटप्रश्न विचारायला लावा.

एखादी ताई, मित्र किंवा रूममेट मिळाला तर आणखी चांगलं. त्याला एकच काम द्या: प्रत्येक वाक्यानंतर ‘का?’ किंवा ‘म्हणजे नेमकं काय केलंस?’ असं विचारायचं. दहा मिनिटांत चिडचिड होते. होऊ द्या.

मतभेद आणि अपयश

बाकी प्रश्न निभावून जातात, पण या दोन प्रश्नांनी घात होतो, म्हणून जरा थांबू.

मतभेदावरचं फ्रेशरचं ठरलेलं उत्तर असं: ‘फायनल इयर प्रोजेक्टमध्ये बाकीचे तिघं काहीच करत नव्हते, मग सगळं मीच केलं.’ उमेदवाराला वाटतं आपण जबाबदार दिसलो. पॅनेलला दिसतं की या माणसाला काम वाटून देता येत नाही, बोलता येत नाही, आणि तो सहकाऱ्यांची तक्रार परक्या लोकांपुढे करतो. प्रसंग तोच ठेवून बघा की त्या तिघांपैकी एकाशी तुम्ही एकदा तरी बोलला होता का. कदाचित तो पार्टटाइम नोकरी करत होता आणि त्याला संध्याकाळी जमत नव्हतं. कदाचित त्याला कोडिंग येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. मग तुम्ही त्याला रिपोर्ट आणि टेस्टिंग दिलंत. झाली गोष्ट. बोलला नसाल तर हा प्रसंग मतभेदासाठी वापरू नका, दुसरा शोधा.

मतभेदाच्या गोष्टीत समोरच्याची बाजू तुम्हाला त्याच्याइतकीच नीट मांडता आली पाहिजे. सचिव मूर्ख नव्हते. टँकर चुकला तर सगळं दूध नासणार होतं. हे एक वाक्य तुमच्या समंजसपणाबद्दल जे सांगतं ते दहा विशेषणं सांगत नाहीत. जुन्या बॉसबद्दल बोलतानाही हाच नियम, बॉस कसाही असो.

अपयशाच्या प्रश्नाला ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर इतकं वापरून झालंय की ते ऐकताना पॅनेलवरची माणसं एकमेकांकडे बघतात. ‘बारावीला मार्क कमी पडले’ हेही टाळा, त्यात फाटा नसतो. खरं अपयश निवडा: तुमच्या हातून झालेलं, ज्याचं नुकसान सांगता येईल, पण ज्यात अप्रामाणिकपणा नाही. उदाहरणार्थ, कार्यक्रमासाठी नोंदणीचा फॉर्म केला, मोबाइलवर तपासला नाही, आणि दोन दिवस लोकांचे फोन नंबर साठवलेच गेले नाहीत. कळल्यावर सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत? नुकसान कसं कमी केलंत? आणि त्यानंतरच्या कामात काय बदललंत? हा शेवटचा भाग बहुतेक जण ‘मी खूप शिकलो’ यावर सोडून देतात. शिकलात याचा पुरावा द्या: ‘पुढच्या कार्यक्रमाला फॉर्म उघडण्याआधी तिघांकडून वेगवेगळ्या फोनवर भरून घेतला.’

दोष दुसऱ्यावर ढकलणारं अपयश सांगू नका. आणि रडगाणंही नको.

एका पानाचा तक्ता

निवडलेल्या प्रत्येक गोष्टीला दोन शब्दांचं नाव द्या: ‘फॅटची तक्रार’, ‘फॉर्मचा घोळ’, ‘टँकर’. डाव्या बाजूला ही नावं, वरच्या ओळीत ते सात-आठ प्रश्न, आणि जी गोष्ट ज्या प्रश्नाला चालेल तिथे बरोबरची खूण. चांगली गोष्ट तीन प्रश्नांना चालते. फॅटची तक्रार पुढाकाराला चालेल, वरिष्ठांशी मतभेदाला चालेल, न पटणाऱ्या गोष्टीलाही चालेल. फक्त सुरुवात आणि जोर बदलेल. एखादा रकाना कोरा दिसला तर वहीतल्या यादीकडे परत जा. सहा गोष्टी पुरतात. पंधरा तयार केल्यात तर आयत्या वेळी त्यांची सरमिसळ होते.

भाषा

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांमध्ये ही फेरी बहुधा इंग्रजीत होते. कारखान्यांमध्ये, सहकारी बँकांमध्ये हिंदी-मराठी मिसळून चालतं. इंग्रजीत असेल तर मराठी वहीवरून शब्दशः भाषांतर करू नका. तक्त्यातलं नाव बघा, फाटा आठवा आणि छोट्या, साध्या भूतकाळी वाक्यांत सांगा. व्याकरण थोडं इकडेतिकडे झालं तरी गोष्ट पोचते. जड शब्द शोधताना मात्र ती अडकते.

पॅनेलवरचा माणूस चेन्नईचा किंवा दिल्लीचा असू शकतो. त्याला ‘वर्गणी’, ‘करंडक’, ‘सचिव’ हे कळेलच असं नाही. असा शब्द आला की अर्ध्या वाक्यात उलगडा करून पुढे जा. आधीच्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव, दर, अंतर्गत आकडे सांगायचे नाहीत. ‘एक मोठा वाहन-उत्पादक ग्राहक’ एवढं पुरतं.

फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज नकोसा वाटतो. तरी ऐका. गोष्ट तीन मिनिटांच्या पुढे गेली तर सुरुवातीची वाक्यं कापा, शेवटची नाही. पाठ मात्र करू नका. मुद्द्यांचा क्रम पक्का ठेवा आणि वाक्यं दर वेळी नवी येऊ द्या. ऑनलाइन मुलाखतीत स्क्रीनवर उत्तर उघडून वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसतात. कॅमेऱ्याजवळ तो दोन-दोन शब्दांच्या नावांचा चिटोरा चिकटवला तर कुणाची हरकत नसते.

प्रत्यक्ष त्या वेळी

प्रश्न ऐकल्यावर पाच-सात सेकंद घ्या, तसं सांगूनच घ्या. ‘तुम्हाला कॉलेजमधला प्रसंग चालेल का?’ असं विचारलं तरी हरकत नाही. विचारलेलाच प्रसंग तुमच्याकडे नसेल तर ओढूनताणून बसवू नका. ‘असं नेमकं माझ्या वाट्याला आलेलं नाही, पण याच्या जवळचा एक प्रसंग आहे’ असं सांगून पुढे जा. ‘समजा असं झालं तर काय कराल?’ असा काल्पनिक प्रश्न आला तर आधी त्याचं सरळ उत्तर द्या आणि मग ‘यासारखं एकदा घडलं होतं’ म्हणून खरी गोष्ट थोडक्यात जोडा.

गोष्ट संपली की थांबा. परिणाम सांगून झाल्यावर शांतता पसरली की ती भरून काढायला अनेक जण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. समोरचा लिहीत असतो, त्याला लिहू द्या.

एकाच दिवशी तीन-चार जणांपुढे बसायचं असेल तर कुणाला कुठली गोष्ट सांगितली ते लक्षात ठेवा, कारण शेवटी ती माणसं आपापल्या नोंदी समोर ठेवून तुमच्याबद्दल बोलतात. तीच गोष्ट चौघांकडे निघाली तर तुमच्याकडे दुसरं काही नाही असं दिसतं. बाहेर पडल्यावर बसस्टॉपवरच वही उघडा आणि विचारलेले प्रश्न, वापरलेल्या गोष्टी आणि जिथे अडखळलात तो पोटप्रश्न लिहून टाका. संध्याकाळपर्यंत थांबलात तर निम्मं विसरायला होतं, आणि दुसऱ्या फेरीचा फोन कधीकधी दुसऱ्याच दिवशी येतो.